सांगलीला मरीन ड्राइव्ह नको

उन्हाळा लागला, संध्याकाळी पुलावर वारं खायला गर्दी व्हायला लागली, की सांगलीत कुणाच्या तरी तोंडून हे निघतंच : "आपल्याकडं पण एक मरीन ड्राइव्ह झाला पाहिजे राव." चहाच्या गाड्यावर निघतं, लग्नाच्या पंगतीत निघतं, निवडणूक जवळ आली की माइकवरूनही निघतं. परवा मुंबईचा भाचा आला होता, त्यानंही आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून तेच काढलं. "मामा, केवढा काठ पडलाय तुमच्याकडं! सरळ काँक्रीट करायचं, दिवे लावायचे, बाकडी टाकायची. लोक नुसते तुटून पडतील."

त्याला उत्तर द्यायला सुरुवात केली, पण दुकान बंद व्हायच्या आत त्याला भडंग घ्यायचं होतं. ते अर्धवट राहिलं म्हणून इथं लिहितोय. तो वाचेल अशी आशा आहे.

माझं हरभट रोडच्या आतल्या बोळात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर, पिठाच्या गिरणीची मोटर, कूलर, पंखे, जे जळेल ते आमच्याकडं येतं. पूर येऊन गेला की कित्येक आठवडे बुडालेला मालच दुसरं काही करू देत नाही. त्यामुळं कृष्णेच्या पाण्याखाली गेलेली वस्तू पुन्हा चालू कशी होते आणि कुठली होत नाही, हे माझ्या हाताला ठाऊक आहे. शिवाय सकाळी दुकान उघडायच्या आधी मी घाटावर पोहायला जातो. या दोन गोष्टींच्या जोरावर बोलतोय. मी इंजिनिअर नाही, आयटीआय केलेला माणूस आहे.

मरीन ड्राइव्हशी माझं काही वाकडं नाही. भाच्याकडं गेलो की मीही चर्चगेटला उतरून त्या कठड्यावर पाय सोडून बसतो. बॅकबेच्या समुद्रात भराव टाकून मिळवलेली ती जागा. भराव, भिंत, रस्ता आणि मागं एका उंचीच्या इमारतींची रांग हे मुख्यतः १९२० ते १९४० या काळात आकाराला आलं, आणि तिथल्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. साडेतीन किलोमीटर सलग चालायला मिळतं. चांगलंच आहे.

पण समुद्राचं एक बरं असतं, तो सांगून येतो. मुंबईच्या भरतीचं वेळापत्रक आधीच छापून मिळतं. मोठ्यात मोठी भरती पाच मीटरच्या आसपास, म्हणजे सोळा-सतरा फूट. पावसाळ्यात लाट कठड्यावरून रस्त्यावर येते, लोक मुद्दाम भिजायला जाऊन उभे राहतात, आणि काही तासांत ओहोटी लागते. त्या भिंतीचं आणि पुढं टाकलेल्या टेट्रापॉडचं, म्हणजे काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांचं, काम लाटांचा मार खायचं. आठवडाभर पाण्याखाली राहायचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता आपलं बघा. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की "बरं आहे का?" च्या आधी "आयर्विनला किती?" विचारतात, आणि ज्याच्याकडं तासाभरापूर्वीचा आकडा असेल त्याचा त्या दिवशी भाव वाढतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला. २००५ ला आणि २०२१ लाही ५० ओलांडून झालंय. मेमध्ये ज्या पायरीवर बसून तुम्ही भेळ खाता, तिच्या डोक्यावर ऑगस्टमध्ये तीन मजली पाणी असू शकतं. आणि ते पाणी लाटेसारखं येऊन जात नाही. वर १०५ टीएमसीचं कोयना धरण किती सोडतंय, वारणेला किती आहे, खाली कर्नाटकात अलमट्टीत किती अडवलंय, यावर त्याचा मुक्काम ठरतो. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर ही काठच्या वस्त्यांची नावं आधी ऐकू यायला लागतात, मग मारुती चौकाचं नाव येतं. मारुती चौक आला की मी दुकानातला माल माळ्यावर चढवतो.

अशा नदीच्या काठावर बाकडी टाकायची म्हणजे ती दर काही वर्षांनी प्रवाहाच्या खाली, हरिपूर गावाच्या पुढं जाऊन शोधायची तयारी ठेवायची.

जुन्या लोकांना हे कळत होतं, असं त्यांनी जे बांधलं त्यावरून दिसतं. सांगली हे संस्थानच्या राजधानीचं गाव झालं ते १८०१ साली, थोरल्या चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वाटणी घेतली तेव्हा. आपल्या कुलदैवताचं, गणपतीचं देऊळ त्यांनी नदीपासून हाकेच्या अंतरावर बांधायला घेतलं. १८११ च्या सुमारास सुरू झालेलं हे काम १८४० च्या दशकात पुरं झालं, म्हणजे तीस वर्षांहून जास्त. काळ्या मातीत पाया धरायचा आणि वर पुराचा शेजार, वेळ लागणारच. सगळं काळ्या दगडात. त्या दगडाला पाण्याचं काही वाटत नाही. पूर ओसरला की धुवायचं आणि पूजा सुरू करायची.

घाटांचंही तसंच. विष्णू घाट, सरकारी घाट, माई घाट, स्वामी समर्थ घाट, कुठल्याही पायऱ्या बघा. मोठाले घडीव दगड, एकावर एक. त्यात मोडण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. पाणी चढलं की पायऱ्या खाली जातात, पाणी उतरलं की वर येतात, आणि पाणी कितीही फुटांवर असलं तरी कुठली ना कुठली पायरी काठावर असतेच. उन्हाळ्यात बायका खालच्या पायरीवर धुणं धुवायच्या, श्रावणात वरच्या. समुद्राला एक कठडा चालतो. कृष्णेला चाळीस काठ लागतात, आणि ते घाटानं दिलेत.

पूल व्हायच्या आधी पलीकडं सांगलीवाडीला जायचं तर नाव. आयर्विन पूल १९२९ साली झाला, तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव दिलं. दगडी कमानींचा पूल, अरुंद, आता जड वाहनांना बंद, शेजारी नवा झालाय. तरी सांगलीकराला 'पूल' म्हटलं की तोच. मोठ्या पुरात त्याच्या कठड्यावरून सूर मारणारी पोरं आमच्या वेळीही होती, आताही आहेत. पोलीस हाकलतात, पोरं दुसऱ्या टोकानं येतात. मी स्वतः ते कधी केलं नाही. आमच्या तात्यांनी तंगडी मोडून हातात देईन असं सांगितलं होतं, आणि तात्या बोललेलं करायचे.

पुराच्या पाण्यातल्या उडीवरून २४ जुलै १९४३ आठवते. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार गणेशदुर्गातला, म्हणजे सांगलीच्या किल्ल्यातला, तुरुंग फोडून बाहेर पडले. तट, खंदक, पुढं भर पावसाळ्यातली कृष्णा आणि मागून पोलिसांचा गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघं त्यात गेले, दादांच्या खांद्यात गोळी लागली. पुढं हेच दादा मुख्यमंत्री झाले, आणि त्यांचं स्मारकही या नदीकाठालाच आहे. संध्याकाळी तिथं फिरायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना विचारा, स्मारक कुठंय ते बरोबर सांगतील. काय घडलं होतं ते विचारलं की मोबाइल काढतील. असो.

आमच्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, काठ म्हणजे रोजचं ठिकाण होतं. पोहायला शिकायचं तर पाठीला पत्र्याचा डबा. गोडेतेलाचा रिकामा डबा घ्यायचा, तोंड डांबरानं बंद करायचं, सुतळीनं छातीशी आवळायचा. सुतळीनं काखेत सोलवटून निघायचं. डबा बांधलेलं पोर उलटं होऊन तोंड पाण्यात जाऊ नये म्हणून गाठ कुठं मारायची, याचं शास्त्र होतं आणि ते तात्यांसारख्या दोन-चार माणसांनाच यायचं. पोर पाय मारायला लागलं की डब्यात थोडं पाणी भरायचे, तेवढाच आधार कमी. मग आणखी थोडं. एक दिवस डबा बुडायला लागायचा आणि पोर पोहत असायचं. कुणी डबा सोडून टाकत नसे, डबाच पोराला सोडून द्यायचा.

होड्यांच्या शर्यती तर अजून होतात. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान, गावोगावच्या होड्या उतरतात. लांब अरुंद होडी, एका ठेक्यात वल्ही, पुलावर आणि घाटावर मुंगी शिरायला जागा नसते. संस्थानच्या गणपतीचं पाचव्या दिवशी विसर्जन, तेव्हाही तीच गर्दी. काठावर कठडा नव्हता, दिवे नव्हते, सेल्फी पॉइंट नव्हता. लोक होते, कारण लोकांना नदीशी काम होतं.

ते काम हळूहळू सुटलं. घरोघरी नळ आले, वॉशिंग मशिन आलं, पोरांना पोहायला टाक्या झाल्या. आणि शेरीनाला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सांगलीचं सांडपाणी घेऊन हा नाला कृष्णेला मिळतो, आणि ज्या नदीत तो मिळतो तिचंच पाणी शहर पितं. ते पाणी उचलून धुळगावला न्यायचं, प्रक्रिया करून शेतीला द्यायचं, अशी योजना झाली. तिच्यावर बोलता बोलता माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचे केस पांढरे झालेत. उन्हाळ्यात वरून कोयनेचं पाणी आलं नाही की नदी जागच्या जागी उभी राहते, नाल्याचं पाणी तेवढं येत राहतं, वर जलपर्णी धरते. त्या आठवड्यात आम्ही पोहत नाही. पाण्याला हात लावला तरी वास राहतो, साबणानं जात नाही.

मग २००५ चा पूर झाला आणि लोकांच्या मनात नदीची धास्ती बसली. त्याआधी पूर बघायला जायचे, त्यानंतर पूर घरात आला. नदीकाठच्या घरांनी खिडक्या बंद केल्या म्हणा ना. पुढं काही वर्षं घाटावर जाणारा माणूस एक तर दहाव्याला जाणारा, नाही तर निर्माल्याची कॅरीबॅग पुलावरून भिरकावणारा. त्या कॅरीबॅगवाल्यांबद्दल मी इथं लिहीत नाही, घरात बायका-पोरं वाचतात.

काठ परत जिवंत झाला तो कुठल्या योजनेनं झाला, असं मला वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर झाला तो २०१९ च्या पुरानंतर, आणि गाळापासून सुरू झाला.

गाळाचं गणित बाहेरच्याला पटकन कळत नाही. पाणी ओसरल्यावर निवांत साफ करू म्हणणारा माणूस पुरता फसतो. ओला असताना गाळ लोण्यासारखा ढकलता येतो, उन्हात दोन दिवस गेले की खडक. मग फावडं मारलं तर दांडा मोडतो. म्हणून पाणी उतरत असतानाच, त्याच पाण्यात उभं राहून खराट्यानं आणि फावड्यानं गाळ खाली ढकलायचा. पाणी एक पायरी उतरलं की आपणही एक पायरी उतरायचं. नदी स्वतःच न्यायला तयार असते, तिला वेळेवर हातभार लावायचा. घाटाकडच्या गल्ल्यांतल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. आम्ही पोहणारे, तालमीतली पोरं, देवळाकडची मंडळी, काही शाळेचे मास्तर, जे सापडले ते उतरले. एक आजी वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या आणि कुठला कोपरा राहिला ते सांगत राहिल्या. त्यांच्या घरात तेव्हा अजून कमरेएवढा चिखल होता. "घर होईल हो सावकाश, घाट वाळला की गेला," म्हणाल्या.

त्यातली बरीच मंडळी नंतर सकाळची यायलाच लागली. पुढच्या वर्षी लॉकडाऊन. तो सुटत गेला तेव्हाही जिम बंद, टाक्या बंद, नदी मात्र उघडी. मग काय, ज्यांनी कधी पायरी ओलांडली नव्हती ते डॉक्टर, वकील, बँकवाले टॉवेल खांद्यावर टाकून हजर. त्यातले निम्मे पुढं जिम उघडल्यावर गेले, निम्मे टिकले. बायका चालायला यायला लागल्या. आणि मला सगळ्यात बरं वाटतं ते हे, की आता मुली पोहायला शिकतात. माझ्या बहिणीला तात्यांनी नदीत उतरू दिलं नव्हतं. तिची नात परवा सांगलीवाडीच्या काठाला हात लावून परत आली. बरोबर दोघं होते, पण आधार कुणाचा घेतला नाही. बहीण पायरीवर बसून अख्खा वेळ ओरडत होती, कौतुकानं का भीतीनं ते तिलाच विचारा.

संध्याकाळी गाडेवाले येतात. भेळ, भडंग, कणीस. कचरा होतो, पण गाडेवाल्यांनीच डबे ठेवलेत, कारण घाण झाली की गिऱ्हाईक येत नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता भाच्याचा मुद्दा. काहीच बांधू नये का? बांधावं. पण बुडणार हे धरून बांधावं.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. बुडालेली मोटर दुकानात आली की आम्ही पहिल्यांदा ती खोलून स्वच्छ पाण्यानं धुतो. लोक दचकतात, म्हणतात, पाण्यानंच तर बिघडली, परत पाणी? पण पाणी तेवढं वाईट नसतं, गाळ वाईट असतो. तो वायंडिंगच्या तारांत आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. धुऊन, उन्हात नाही तर मोठ्या बल्बच्या उबेला पूर्ण सुकवायची, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, वार्निश द्यायचं, बेअरिंग बदलायचे. बहुतेक मोटारी अशा वाचतात. वाचत नाही ती कुठली? मालकानं घाईनं घरीच बटण दाबलेली. तिची वायंडिंग काळी होऊन येते.

घाटावरच्या सुशोभीकरणात मला हीच घाई दिसते. पेव्हर ब्लॉक घ्या. खाली वाळूचा थर असतो, पुराचं पाणी ती वाळू ओढून नेतं आणि ब्लॉक पोकळ वाजायला लागतात, मग एकेक निसटतो. दिव्याचा खांब उभा करतात आणि जोडणीची पेटी ठेवतात कमरेच्या उंचीला, वायरमनला बरं पडतं म्हणून. पहिल्याच पुरात ती पेटी चिखलानं भरते. अशा पेट्या माझ्या दुकानात आल्यात, उघडल्यावर आतून खेकडा निघालाय. हिरवळ तर बोलायलाच नको.

मला विचाराल तर सगळी वायरिंग पुराच्या रेषेच्या वर, रस्त्याच्या बाजूला हवी. खालचे दिवे जूनमध्ये नटबोल्ट काढून उचलून नेता येतील असे. रेलिंगही तसंच, खाचेत बसवायचं आणि काढायचं. पायऱ्या जिथं खचल्यात तिथं दगडच घालावा, वर सिमेंटचा गिलावा फासू नये, तो शेवाळला की माणूस घसरतो. गाळ धुवायला वरच्या बाजूला एक पंप आणि लांब पाइप कायमचा असावा. पायऱ्यांना पूर्वीसारख्या लोखंडी कड्या असाव्यात, होडी बांधायला आणि दमलेल्या पोहणाऱ्याला धरायला. यातलं कशाचंच उद्घाटन करता येत नाही, ही अडचण मला कळते.

आणि या सगळ्याच्या आधी शेरीनाला. तो तसाच ठेवून काठाला ग्रॅनाइट लावणं म्हणजे आंघोळ न करता अत्तर मारणं. पाणी स्वच्छ असेल तर लोक चिखलातूनही वाट काढून येतात, हे आम्ही बघितलंय. पाण्याला वास असेल तर दिव्यांच्या माळा बघायला एक रविवार येतील.

मगरींचं विचारतात सगळे. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात आहेत, इकडंही अधूनमधून दिसल्याची बातमी येते. बातमी आली की आम्ही पाण्यात उतरत नाही, पायरीवर बसून गप्पा मारतो. नदी मगरींचीही आहे.

शेवटी कामाचं. मे महिन्यात पोरांना पोहायला शिकवतो, आम्ही पाच-सहा जण असतो, पैसे घेत नाही. सकाळी सहाला यावं, साडेसातनंतर आम्हाला आमचे धंदे असतात. पोरानं रिकाम्या पोटी यावं, आई-बापापैकी एकानं पायरीवर थांबावंच लागेल. हवेची ट्यूब आणू नका, ती निसटते आणि पोराला खोटा धीर देते. डबा आमच्याकडं आहे. सुतळीऐवजी आता मऊ पट्टा लावलाय, त्यामुळं काखा सोलवटत नाहीत. कोयनेचं पाणी बंद असेल त्या आठवड्यात शिकवणी बंद.